चार्टर कंपन्या ‘एक होऊन राहिल्या म्हणे’: उधारी आणि अ‍ॅडव्हान्स कसा सांभाळायचा

प्रचारसभांचा हंगाम आला की यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडे मोकळ्या वावरात हेलिपॅड तयार होतात. धुरळा बसवायला टँकरनं पाणी मारणारा, चुन्यानं ‘एच’ आखणारा, गाड्या आणि जेवण पुरवणारा, सगळ्यांचं काम आधी आणि पैसे मागून. लग्नासाठी हेलिकॉप्टर ठरवलेल्यांचा अ‍ॅडव्हान्स तर आधीच गेलेला असतो. अशात हेलिकॉप्टर भाड्यानं देणाऱ्या (चार्टर) दोन लहान कंपन्या एक होणार अशी कुणकुण लागली, तर कोणाला फोन करण्याआधी जुनं बिल किंवा कोटेशन काढा.

त्यावरचा जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढची दहा अक्षरं पॅनची. सहावं अक्षर नीट पाहा: ‘सी’ असेल तर बिल कंपनीचं, ‘पी’ असेल तर एका व्यक्तीचं, म्हणजे बहुधा मधल्या एजंटचं. एजंटच असेल तर तुमचा व्यवहार त्याच्याशी आहे, कंपन्या एक झाल्या काय नि नाही काय. लेटरहेडवर नवं नाव आलं पण पॅन जुनाच असेल, तर कंपनी तीच आहे, ती दुसरीत विलीन झालेली नाही.

मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर त्या कंपनीचं नाव टाकून तिची स्थिती बघा. विलीन झालेल्या कंपनीपुढे ‘अमाल्गमेटेड’ असं येतं.

‘एक होणं’ चार तऱ्हांचं असतं, आणि पैसे बुडतात ते इथंच गल्लत झाल्यानं. कायदेशीर विलीनीकरणात (कंपनी कायदा 2013, कलम 230 ते 232) जुन्या कंपनीची देणी योजनेनुसार नव्या कंपनीकडे जातात. फक्त शेअर विकले गेले तर मालक बदलतो, कंपनी तीच, देणेकरी तोच. तिसऱ्या तऱ्हेत एकमेकांची विमानं भाड्यानं घेतात, तिथं उधारीला धक्का नाही. धोक्याची चौथी तऱ्हा: विमानं तेवढी विकली जातात आणि देणी जुन्या, रिकाम्या कंपनीत राहतात. म्हणून ‘विमानं त्यांनी घेतली’ एवढं ऐकून निवांत होऊ नका.

विलीनीकरणाला सहसा वेळ लागतो. विस्तारा आणि एअर इंडियाचं विलीनीकरण नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झालं, पूर्ण झालं 12 नोव्हेंबर 2024 ला. लहान कंपन्यांना कलम 233 चा जवळचा रस्ता आहे, तो लवकर संपू शकतो. कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे आलेल्या विलीनीकरणाच्या योजनेला हरकत घ्यायची तर कंपनीच्या एकूण थकीत कर्जाच्या किमान 5 टक्के रक्कम तुमची असावी लागते. टँकरवाल्याची तेवढी कुठून असणार? त्याचा आधार कागदच.

तो कागद आजच मागा: ‘अमुक तारखेला आमच्याकडे तुमचे इतके रुपये देणे आहेत’, कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. वसुलीची मुदत साधारण तीन वर्षं; ती संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्यानं मोजली जाते. फोनवरच्या ‘करून देतो भाऊ’नं काही होत नाही. सेवा देणाऱ्या लहान व्यावसायिकाची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. लहान उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

अ‍ॅडव्हान्स द्यायचा असेल तर करारात हेलिकॉप्टरचा ‘व्हीटी’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि परवानाधारकाचं नाव लिहून घ्या. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाविना उड्डाणं करणाऱ्या परवानाधारकांची यादी असते, तिथं परवाना चालू आहे का तेही दिसतं. परवाना दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर उड्डाणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे लेखी विचारा. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच टाका. परवाना निलंबित झाला किंवा हस्तांतर अडलं तर किती दिवसांत किती रक्कम परत, तेही लिहून घ्या.

विलीनीकरणाऐवजी कंपनी दिवाळखोरीत गेली, तर पुरवठादारानं ‘फॉर्म बी’ भरून दावा नोंदवायचा असतो. त्याची जाहिरात कंपनीच्या कार्यालयाच्या भागातल्या वर्तमानपत्रांत येते, आपल्याकडच्या अंकात दिसेलच असं नाही. म्हणून महिन्यातून दोनदा आयबीबीआयच्या (दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या सरकारी मंडळाच्या) संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधत जा.