दिवाडी-चोडणच्या खाजन शेतकऱ्यांसाठी: अवसेच्या उधाणाआधी मानस तपासा

चवथीला दाराला बांधलेली नव्याची कणसं अजून पुरती सुकलेली नाहीत आणि खाजनात, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, कोरगुट (खारं पाणी सोसणारं आपलं भात) पिवळा पडू लागलाय. सगळ्यांचे डोळे आभाळाकडे आणि कापणी यंत्र फेरीबोटीतून कधी उतरतंय याकडे. माझं सांगणं एकच आहे: आधी मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जा. आजच्याच ओहोटीला जा. सर्वपित्री अवस तोंडावर आली आहे, आणि अवसेला उधाण मोठं असतं.

जुलैत आपल्या बेटांभोवतीच्या मांडवी नदीचं पाणी पावसाने गोडं झालेलं असतं. तेव्हा मानशीची फळी गळली तरी कुणाला पत्ता लागत नाही, आत येतं ते गोडंच पाणी. पाऊस ओसरू लागला की खारं पाणी पुन्हा वर सरकतं आणि तीच जुनी गळती पीक घेऊन जाते. नेमकं तेव्हाच उशिरा पेरलेलं भात फुलोऱ्यात किंवा दुधात असतं. फुलोऱ्यातल्या भाताला खारट पाणी सोसत नाही; कोरगुट काटक असला तरी त्यालाही मर्यादा आहे.

मानशीत बिघडण्यासारखं फार काही नसतं. ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून बाहेर जातं, भरतीला नदीच ती फळी मिटवते. फक्त ती पूर्ण मिटली पाहिजे. एका वर्षी मी पाण्यात उतरून फळीखालच्या उंबऱ्यावर हात फिरवला, तर माडाच्या झावळीचा मनगटाएवढा देठ अडकलेला. फळी दोन बोटं उघडी. किती भरत्या त्या फटीतून आत आल्या असतील कोण जाणे. शेत वरून हिरवंगार दिसत होतं. कापणीला कणीस हातात घेतलं तर हलकं, दाणा चिमटीत दाबला तर नुसतं टरफल. वर्षभराची पेज त्या देठाने नेली.

म्हणून ओहोटीला उंबरा हाताने चाचपा, डोळ्यांवर विसंबू नका. फटी पेंढा आणि चिकणमातीने बुजवा. कुजलेली फळी असेल तर कापणीची वाट न बघता बदला. भरती भरल्यावर पुन्हा जा आणि आतल्या बाजूचं पाणी जिभेला लावून बघा. खारट लागलं तर कुठेतरी गळतंय.

मासळी धरण्यासाठी मानस लिलावाने घेतलेल्यांनाही कळकळीने सांगतो. सुंगटं (कोळंबी), काळुंदरं ही मासळी म्हणजे खाजनाचीच मिळकत आहे, तिच्याशी भांडण नाही. जाळं ओहोटीला लावा. भरतीला फळ्या वर बांधून ठेवू नका. भात घरात येईपर्यंत तरी कुळांच्या संघाने रात्रीच्या भरतीला मानशीवर आपला एक माणूस ठेवावा. बांध आणि मानस सांभाळायची जबाबदारी 1975 च्या नियमांनी संघावर आहे. लिलावाचा पैसा आधी तिथे लागला पाहिजे.

बांधावर कुर्ल्यांची (खेकड्यांची) आणि उंदरांची बिळं बघा. बीळ बोटभर असलं तरी लगेच चिखल ठासून बंद करा. कुर्ल्या मारायला विष ओतू नका, ते पोंयीतल्या (मानशीच्या आतल्या तळ्यातल्या) मासळीत आणि तिथून ताटात येतं.

क्षार काढणारं महागडं द्रव किंवा जिप्सम घ्या असं दुकानदार सांगेल. आपली जमीन खारवट आहे, चोपण (सोडियम साचून घट्ट झालेली) नव्हे. तिचं मीठ जून-जुलैचा पाऊस फुकट धुतो, पाण्याला बाहेर जायला वाट मिळाली तर. ती वाट म्हणजे मानस. बाटलीच्या पैशात फळी येते.

बाकीची कामं:
- कापणीआधी 8-10 दिवस शेतातलं पाणी ओहोटीला काढा.
- 80-85 टक्के दाणे पिवळे झाले की कापा.
- चौरस मीटरला 4-5 लष्करी अळ्या दिसल्या आणि पीक तयार असेल, तर फवारू नका, कापून मोकळे व्हा.
- मळणी त्याच दिवशी. साठवणीआधी ओलावा 12-14 टक्क्यांवर आणा.
- उकड्यासाठीचं भात वेगळं ठेवा.

पावसात भात आडवं झालं आणि लगेच कापता येत नसेल, तर लोंब्यांवर 5 टक्के मिठाचं पाणी फवारा (लिटरला 50 ग्रॅम साधं मीठ). दाण्याला कोंब फुटणं लांबतं. बियाण्याच्या तुकड्यावर मात्र हे करू नका.

बियाण्याबद्दल माझा एक अंदाज आहे, हा कुठल्या शिफारशीत नाही. मानशीच्या सगळ्यात जवळच्या वाफ्यात, जिथे खारं पाणी पहिलं लागतं, तिथे जी रोपं उभी राहून दाणा भरतात त्यांचंच बी मी धरतो. जुन्या गोव्याच्या एला इथल्या संशोधन केंद्रानेही गोवा धान 1 आणि 2 कोरगुटातूनच निवडून काढले. अशा रोपांना आताच दोरा बांधून ठेवा आणि विळ्याने आधी कापून घ्या. यंत्र शेतात शिरलं की ती वेगळी सापडत नाहीत.