शेवाळलेला उतार आणि माझा ट्रक

उतारावरून ट्रकमागच्या ट्रेलरवरची बोट पाण्यात सोडताना कधी अडलं नाही. रडकुंडीला आलो ते ती बाहेर काढताना. माझा ट्रक टू-व्हील ड्राइव्ह. जोर फक्त मागच्या चाकांना, आणि ओहोटीला नेमकी तीच शेवाळावर! चाकं जागीच गरगर, रबराचा जळका वास. हौद्यात वाळूची पोती टाकली, मागच्या टायरांतली हवा थोडी कमी केली. निघाला, पण कुथत.

शेवटी फोर-व्हील ड्राइव्ह घेतला. आता लो रेंज, म्हणजे वेग कमी पण जोर जास्त देणारा गिअर, टाकतो. पुढची चाकं कोरड्या काँक्रीटवर असतात, तीच ओढून नेतात. वर आल्यावर मात्र लगेच टू-व्हीलवर यायचं, नाहीतर कोरड्या रस्त्यावर वळताना गिअरांवर ताण येतो.

भरती साधून बोट काढणाऱ्याला जुना ट्रकही पुरतो. माझ्या सुट्टीला भरतीचं वेळापत्रक कळत नाही, त्याला काय करणार!