उपकेंद्रातलं टेलिमेडिसिन दुसऱ्या वर्षी का झोपतं? या चुका टाळा

नारळ फुटतो, फीत कापली जाते, स्क्रीनवरून शहरातले डॉक्टर हात हलवतात आणि गावकरी टाळ्या वाजवतात. दीड वर्षानं मी त्याच उपकेंद्रात जाते तेव्हा टॅब कपाटात लसीकरणाच्या कार्डांखाली सापडतो आणि चार्जर कुणीतरी घरी नेलेला असतो. का बंद पडलं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, इथं रेंजच नाही."

रेंज नसते, खोटं नाही. पण रेंज तर उद्घाटनाच्या दिवशीही तेवढीच होती.

मी आधी परिचारिका होते. गेली आठ वर्षं पालघर-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात उपकेंद्रांवर टेलिमेडिसिन बसवायचं आणि बसलेलं उठू द्यायचं नाही, एवढंच काम करते. हे तंत्र काही नवं नाही. इस्रोनं उपग्रहावरून टेलिमेडिसिनचे प्रयोग २००१ साली सुरू केले होते. ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आली, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं ती बनवली. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये लोकांना घरूनच डॉक्टर गाठता यावा म्हणून तिची ओपीडी सुरू झाली. म्हणजे सॉफ्टवेअर तयार आहे आणि फुकट आहे, पलीकडे डॉक्टरही बसलेला आहे. तरी ते झोपतं, आणि दरवेळी त्याच त्या चुकांनी झोपतं. ज्या चुका बघून माझा जीव मेटाकुटीला आलाय, त्या आधी सांगते.

आकड्यासाठी लावलेले कॉल

महिन्याची २७-२८ तारीख आली की उपकेंद्रात टेलिमेडिसिनला अचानक बहर येतो. वरून फोन आलेला असतो, "तुमचे कॉल कमी दिसतायत." मग सर्दी, अंगदुखी, डोकेदुखी, पुन्हा सर्दी. पेशंट कोण? आशाताईंचे यजमान, शिपायाची बायको, लस घ्यायला आलेल्या बाळाची आजी. एकदा तर गाडीचा ड्रायव्हर एकाच दुपारी दोन वेगळ्या तक्रारी घेऊन नोंदवलेला मी पाहिला. तो बाहेर टपरीवर चहा पीत होता.

यात कुणाचं काय बिघडलं, असं नवीन सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी) मला विचारतात. काय बिघडतं ते ऐका.

जुलै महिना, धो धो पाऊस. चाळिशीच्या एका बाईंना दम लागला म्हणून नवऱ्यानं पाठीवर घालून उपकेंद्रात आणलं. सिस्टर हुशार होती. तिनं ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन ८८ आला, म्हणजे कमीच. तिनं केस टाकली, कॉल लागला. पलीकडच्या डॉक्टरनं नाव वाचलं, तक्रार अर्धी ऐकली, पॅरासिटामॉल आणि खोकल्याचं औषध लिहिलं आणि कॉल संपवला. मिनिटभरही गेलं नसेल. सिस्टरनं ते प्रिस्क्रिप्शन बाजूला ठेवलं आणि १०८ ला फोन केला, म्हणून बाई वाचल्या. दमा होता, आणि त्यावर न्यूमोनिया.

मी चिडून त्या डॉक्टरला भेटायला गेले. तरुण मुलगा, डोळे तारवटलेले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या सेंटरवरून सकाळपासून अकरा कॉल आले. अकराही सर्दीचे. कॅमेऱ्यासमोर पेशंट हसत होते. बारावा खरा आहे हे मी ओळखायचं कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लांडगा आला रे आला हे आपण शाळेत शिकतो आणि नोकरीत विसरतो.

ज्याला आकडा कमी दिसल्यावर फोन येतो, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही हे मला कळतं. तरीही माझ्या सेंटरांवर एक नियम मी भांडून लावलाय: आकडा कमी असेल तर कमीच जाऊ द्यायचा, फोन आला तर माझं नाव सांगायचं. दुसरी माझी सवय अशी की मी कॉलची संख्या बघतच नाही. रजिस्टर उघडते, गेल्या महिन्यातली कुठलीही पाच नावं पेन्सिलनं टिपते आणि त्यांच्या घरी जाते. "डॉक्टर काय म्हणाले होते?" एवढंच विचारते. पाचातल्या तिघांनी सांगितलं तर सेंटर जिवंत आहे. "कुठले डॉक्टर?" असं आलं, तर मला पुढं काही बघायची गरज उरत नाही.

आणि तिसरं: कॉलचं बटण दाबण्याआधी कागदावर एक प्रश्न लिहायचा. तक्रार नव्हे, प्रश्न. "बीपीची गोळी चालू असून १६० च्या खाली येत नाही, डोस वाढवू का?" प्रश्न लिहिता येत नसेल तर बहुधा कॉलची गरजच नसते, किंवा पेशंटला थेट गाडीत घालायची वेळ आलेली असते. या सवयीवर नवीन मुलं नाक मुरडतात. वेळ जातो म्हणे. तो अर्धा मिनिट पलीकडच्या डॉक्टरची पाच मिनिटं वाचवतो, आणि डॉक्टर कंटाळला नाही तरच पुढच्या महिन्यात नीट बोलतो. म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा मी हबच्या, म्हणजे पलीकडे कॉल घेणाऱ्या केंद्रातल्या, डॉक्टरांना गाडीत घालून एखाद्या उपकेंद्रावर नेतेच. तिथला रस्ता एकदा अंगावर घेतला की त्यांच्या बोलण्याचा सूर बदलतो.

कपाट न बघता लिहिलेली गोळी

ही माझी दुसरी दुखरी नस.

एक बाबा, पासष्टीचे, भाताची थोडी शेती. बीपी १८८/१०४. टेलिमेडिसिनवर डॉक्टर मॅडम छान बोलल्या, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, आणि गोळी लिहिली. दोन औषधं एकत्र असलेली, ब्रँडच्या नावाची. आमच्या कपाटात ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीच्या पट्ट्यांचा ढीग होता, पण हे मॅडमना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बाबा काळीपिवळीनं तालुक्याला गेले. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून हातात उरलं ते दहा गोळ्यांपुरतं. त्या संपल्यावर त्यांनी पट्टी जपून ठेवली, औषध नाही.

चार महिन्यांनी मी भेटले तेव्हा त्यांनी बंडीच्या खिशातून रिकामी पट्टी काढून दाखवली. "हीच पायजे ना? दुसरी चालत न्हाई म्हनं." बीपी १९० च्या वर. आणि आमच्या रेकॉर्डवर ही केस होती "उपचार सुरू".

गोळी हातात पडत नसेल तर स्क्रीनवरचा डॉक्टर हा लांबून बोलणारा पाहुणा. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची खेड्यांतली व्हिजन सेंटर्स वर्षानुवर्षं का चालतात, याचा विचार करा. तिथं प्रशिक्षित स्थानिक मुलगी डोळे तपासते, मुख्य रुग्णालयातला डॉक्टर ऑनलाइन बघतो आणि चष्मा लागला तर तो तिथंच मिळतो. त्या चष्म्यांच्या विक्रीतून सेंटरच्या खर्चालाही हातभार लागतो. माणूस रिकाम्या हातानं परत जात नाही, म्हणून पुन्हा येतो आणि शेजाऱ्यालाही आणतो.

माझा उपाय अगदी गावठी आहे. दर सोमवारी सकाळी औषधाच्या कपाटाचा फोटो काढायचा, लेबलं वाचता येतील असा, आणि हबच्या डॉक्टरांना पाठवायचा. त्याखाली संपत आलेल्या औषधांची नावं. छापील यादी पाठवून उपयोग नाही. यादीत असतं ते कपाटात असेलच असं नाही, हे ज्यानं उपकेंद्रात एक महिना काढलाय त्याला मी सांगायला नको. आणि प्रिस्क्रिप्शनमध्ये नसलेली गोळी आली तर कॉल सुरू असतानाच बोलायचं: "मॅडम, ही नाही, आमच्याकडे ही आहे, चालेल का?" आमच्या मुली इथं कच खातात. डॉक्टरला कसं टोकायचं! टोका. मी टोकते. नव्वद टक्के डॉक्टर आनंदानं बदलून देतात, उरलेल्यांचा तोरा मी बघून घेते.

आल्या आल्या बीपी

डोंगर चढून आलेल्या माणसाला खुर्चीत टेकवलं की लगेच पट्टा गुंडाळू नका. पाच मिनिटं बसू द्या, पाणी प्या म्हणा, पण बोलायला लावू नका. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटाच जास्त येतो. ऑक्सिमीटरला थंडगार बोट किंवा नेलपॉलिश चालत नाही, बोट आधी चोळून गरम करा. पलीकडच्या डॉक्टरला हात लावता येत नाही, त्याला तुमच्या आकड्याशिवाय काही दिसत नाही. आकडा चुकला की सगळं ज्ञान वाया.

रिचार्ज कोण मारणार?

टिकण्याचा खरा प्रश्न इथं आहे, आणि यावर मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. डोंगल आणि टॅब कुठल्यातरी कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, येतो. पहिल्या वर्षाचं रिचार्ज त्यातच असतं. दुसऱ्या वर्षी सिस्टर स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावते, तिसऱ्या महिन्यात कंटाळते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या पगारातून सरकारी नेट का भरायचं?

मी आता उद्घाटनाच्या आधी जन आरोग्य समितीच्या (उपकेंद्राच्या गावपातळीवरच्या समितीच्या) बैठकीत बसते आणि अनटाइड फंडातून, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्चायच्या निधीतून, नेटचा आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचा खर्च करायचा ठराव लिहून घेते. सरपंचांची सही झाली की मगच नारळ. देणगीदार घाई करतात, त्यांना फोटो हवा असतो. मागं एक साहेब आम्हाला लाखभराची टेलिमेडिसिन पेटी द्यायला निघाले होते, ईसीजीसकट. मी म्हटलं, त्याऐवजी तीन वर्षांचं रिचार्ज द्या. ते पुन्हा आले नाहीत. त्या पेटीतली तीन यंत्रं वापरायची कशी हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नसतं, आणि बिघडली तर दुरुस्तीला पाठवायची कुठं हेही.

सीएचओची बदली झाली की सेंटर बंद, हा याचाच सख्खा भाऊ. आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक दोघांनाही कॉल लावता आलाच पाहिजे. मी त्यांना शिकवत नाही, त्यांच्याकडून लावून घेते आणि तोवर हात मागं बांधून उभी राहते.

बाकी थोडक्यात

खिडकीकडे पाठ करून पेशंटला बसवू नका. डॉक्टरला काळी सावली दिसते.

भात लावणीच्या आठवड्यात शिबिर ठेवू नका. बाजाराच्या दिवशी ठेवा.

पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. चार ठिकाणी दिसलाय मला, एका ठिकाणी स्केचपेननं.

पेशंटचे फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. "सेवा देताना आमची टीम" म्हणूनसुद्धा नाही.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना एकदा तरी वाचा. आरोग्य कर्मचारी पेशंटच्या वतीनं कॉल लावतो तेव्हा संमती स्पष्ट विचारून नोंदवावी लागते, आला म्हणजे हो असं धरायचं नाही. अल्पवयीन मुलासोबत मोठं माणूस हवंच. झोपेच्या, नशा येणाऱ्या गोळ्यांसाठी डॉक्टरच्या मागं लागू नका, बरीचशी औषधं ऑनलाइन लिहायला मनाई आहे.

मानसिक त्रासाची केस असेल आणि हबवर कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात. तो फळ्यावर मोठ्ठा लिहून ठेवा.

आभा (सरकारी आरोग्य ओळख) नंबर नाही म्हणून पेशंटला परत पाठवू नका. चौदा आकडे नंतरही काढता येतात.

नातवाला दुभाषा करू नका

ही चूक इतक्या प्रेमानं होते की रागवायलाही जीव होत नाही. आजीला डॉक्टरांचं शहरी मराठी कळत नाही, डॉक्टरांना आजीचं बोलणं कळत नाही, आणि शेजारी दहावीतला नातू उभा असतो. सिस्टर म्हणते, "तू सांग रे बाळा."

एका आजीच्या बाबतीत नातवानं तीन वेळा "पोटात दुखतंय" असं सांगितलं. तीनदा ॲसिडिटीची गोळी मिळाली. चौथ्या वेळी मी तिथं होते. आजी काहीतरी बोलली, पोरगा लाल झाला आणि म्हणाला, "पोट दुखतंय." मी आशाताईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "तसं न्हाई मॅडम, अंगावरून जातंय म्हनते. पाळी जाऊन पंधरा वर्सं झाली तिची." पाळी गेल्यावर अंगावरून जातंय हे ऐकल्यावर ॲसिडिटीवर थांबायचं नसतं. त्याच दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयात तपासणीसाठी पाठवलं.

तेव्हापासून बाईमाणूस खुर्चीत बसलं की आशाताई शेजारी येतात, दार लोटलं जातं आणि नातवाला मी बाहेर चिंचेखाली आजीची पिशवी सांभाळायला बसवते.