सातारा-सांगलीहून सहकुटुंब अंदमान : आधी बोट ठरवा, मग बाकी सगळे

अंदमानच्या सहलीचे सगळे गणित बेटाबेटांमधल्या बोटींवर अवलंबून असते, आणि आपल्याकडची बहुतेक कुटुंबे नेमके तेच सर्वांत शेवटी पाहतात. विमान, हॉटेल, खरेदी, बर्म्युडा सगळे ठरते. बोटीचे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असते. हा सल्ला देणाऱ्याचे पुढचे काहीही ऐकू नये.

प्रथम काळ ठरवावा. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो, पण मुलांच्या शाळा आडव्या येतात. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे यांचे दिवस असतात, त्यामुळे तो काळ मी कोणालाही सुचवत नाही. राहता राहिला एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला पंधरवडा. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्ष बागायतदारांची खरड छाटणीही तोवर आटोपलेली असते. त्यापुढे मात्र जाऊ नये. ‘मॉन्सून अंदमानात दाखल’ ही मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासची बातमी वाचून आपण इकडे सुखावतो. त्याच दिवशी तिकडे धक्क्यावर सामान घेऊन बसलेल्या पर्यटकाची अवस्था निराळी असते.

विमानासाठी पुणे ते चेन्नई आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हा मार्ग सोपा आहे. फक्त सकाळी पोचणारे विमान घ्यावे.

आता बोटी. पोर्ट ब्लेअर शहर आणि हॅवलॉक व नील ही दोन बेटे कुटुंबाला पुरेशी आहेत. (तिकिटावर श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी नवी नावे दिसली तर गोंधळू नये, ठिकाणे तीच आहेत.) विमानाची तारीख नक्की होताच, हॉटेलला फोन करण्याआधी, पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील आणि नीलहून परत या तिन्ही टप्प्यांची बोटीची तिकिटे काढावीत, कारण हॉटेलची तारीख सरकवता येते, पण सुट्टीच्या दिवसांत सहा माणसांची एकाच बोटीत जागा मिळणे अवघड असते. तिकिटावरचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. घरात ‘काकी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंचे कार्डावर माहेरचे नाव असू शकते, ते आधी तपासावे. सरकारी बोटी स्वस्त आहेत, पण बेटांवरच्या रहिवाशांची रोजची ये-जा त्यांवरच चालते, म्हणून त्यांच्या भरवशावर सहल आखू नये.

सर्वांत मोठा धोका परतीचा. नीलहून सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर आणि त्याच दुपारी विमान, अशी आखणी अनेक पॅकेजांमध्ये एक रात्र वाचवण्यासाठी केलेली असते. वारा वाढला की बंदर खाते बोटी थांबवते. त्यावर कोणाचीही ओळख चालत नाही आणि विमान आपल्यासाठी थांबत नाही. आमची अशी एक बोट सुटायच्या तासभर आधी रद्द झाली; दुसऱ्या दिवशीचा मोकळा दिवस हाताशी होता म्हणून विमान चुकले नाही. त्यामुळे बोटीने परतल्यानंतर पोर्ट ब्लेअरमध्ये एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री ठेवाव्यात, आणि एजंट कितीही समजावू लागला तरी त्या सोडू नयेत. त्या दिवसासाठी चुकले तरी हळहळ वाटणार नाही अशीच ठिकाणे राखावीत, उदाहरणार्थ चिडिया टापू किंवा रॉस बेट. सेल्युलर जेल मात्र पोचल्याच्या दुपारीच पाहून घ्यावे. सांगलीकरांनी तर ते चुकवूच नये, कारण तिथे जन्मठेप भोगलेले बाबाराव सावरकर 1945 मध्ये सांगलीतच वारले. मूळच्या सात कक्षांपैकी आज तीनच उभे आहेत.

दुसरा प्रश्न पोटाचा. खासगी बोटी वेगवान आणि बंदिस्त असतात. वातानुकूलित डब्यात खिडकी उघडत नाही, आणि तासाभरात कर्मचारी कागदी पिशव्या वाटत फिरू लागतात. पुढच्या रांगेतून समुद्र छान दिसतो म्हणून तिथल्या जागा घेतल्या जातात, पण बोटीचे नाक सर्वांत जास्त आपटते. खालच्या मजल्यावर, मधल्या किंवा मागच्या रांगेत बसावे. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटण्यापूर्वी घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. उपाशी जाऊ नये आणि पुरी-भाजी खाऊनही जाऊ नये. एखादी इडली किंवा दोन केळी पुरतात. माझ्या सासूबाई आल्याची वडी गालात धरून, डोळे मिटून हॅवलॉकपर्यंत ताठ बसल्या. मोबाइलमध्ये मान घालून बसलेला नातू मात्र अर्ध्या वाटेतच पांढराफटक पडला.

बाकी फिरणे सोपे आहे. हॅवलॉकला दोन रात्री, नीलला एक. मे महिन्यात साताऱ्यात सातच्या सुमारास मावळणारा सूर्य तिथे साडेपाचलाच मावळतो, म्हणून हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चारच्या आत पोचावे आणि दुपारची झोप विसरावी. नीलचा नैसर्गिक खडकपूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. वेळ हॉटेलवाल्यालाच विचारावी. बाराटांग बेटासाठी पहाटेच्या अंधारात निघून जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून वाहनांच्या ताफ्याबरोबर जावे लागते आणि वाटेत छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे; लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर तो बेत सोडून द्यावा.

परत निघण्यापूर्वी एक काम उरते. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. मुले किनाऱ्यावरून जे काही उचलतात ते पँटच्या खिशात, बुटात आणि टॉवेलच्या घडीत सापडते. आदल्या रात्री बॅगा भरण्यापूर्वी या तिन्ही जागा झाडून घ्याव्यात.