कुकर जिंकला, नोकरी हुकली

आमच्या घरात अजून एक पाच लिटरचा कुकर वापरात आहे. पिंपळगावकडच्या एका सायकल शर्यतीत पहिला आलो, तेव्हाचा. असे कुकर, मिक्सर आणि पाकिटं गोळा करण्यात मी उमेदीची तीन वर्षं घालवली. मग स्पोर्ट्‌स कोट्याच्या भरतीला फाइल घेऊन गेलो. समोरच्या साहेबांनी सर्टिफिकेटं पत्त्यांसारखी चाळली आणि विचारलं, "यातलं फेडरेशनचं कुठलं?" राष्ट्रीय सायकलिंग फेडरेशनच्या मान्यतेच्या स्पर्धेचं एकही नव्हतं.

रोड सायकलिंगमध्ये उतरणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. आपल्याकडे सायकल चालवून महिन्याचा पगार मिळतो तो मुख्यतः रेल्वे आणि सेनादलात, आणि तिथं जिल्हा निवड, राज्य स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा हीच शिडी चालते. गावोगावच्या शर्यती जरूर मारा, पण त्यांच्यासाठी राज्य निवडीची तारीख चुकवू नका. मी चुकवली होती.

नाशकात आणखी एक गोंधळ होतो. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करायची 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, 2017 मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्यानं केली. तेव्हापासून जो तो लांबचं चालवायला निघतो. छंद म्हणून उत्तमच. पण ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायची राइड, ही शर्यत नव्हे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, नंबर काढत नाहीत. रोड रेसमध्ये मात्र दोन-तीन तास घोळक्यात राहून शेवटच्या दोनशे मीटरला जीव काढायचा असतो. दोन्हींचा सराव वेगळा.

माझ्याकडे स्प्रिंट, म्हणजे तो शेवटचा वेग, नव्हताच. मला तारलं ते टीम टाइम ट्रायलनं, म्हणजे संघानं घड्याळाविरुद्ध मारायच्या शर्यतीनं. चौघांनी आळीपाळीनं वारा अंगावर घ्यायचा, पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवायचं. तिथं मेडल चौघांनाही मिळतं. चौथ्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ब्राँझ आलं आणि त्यावर नोकरी लागली.

सरावाला आपल्याला कसारा घाट आहे, पण तो नाशिककरांना उलटा पडतो. आधी उतार, मग दमल्यावर चढ. हिवाळ्यात पहाटे उतरताना बोटं इतकी बधिर होतात की गिअर पडला की नाही, कळत नाही. जर्सीच्या आत छातीवर कालचा पेपर घाला, वारा लागत नाही. खाली पोचल्यावर काढायला विसरलात, तर घामानं त्याचा लगदा होतो. दर अर्ध्या तासाला केळं नाहीतर चिक्की तोंडात टाका. भूक लागायची वाट पाहिलीत, तर परतताना घोटीच्या आधीच बत्ती गुल होते.

तिशी उलटली आणि पाय मागं पडू लागले. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा करायचा राहिला, त्याची हळहळ आहे. पाना-पकडीचं काम मात्र शिकलो होतो. आता सुट्टीच्या दिवशी पोरांच्या सायकली बसवून देतो.

मागच्या आठवड्यात एक जण कार्बनची नवी कोरी सायकल घेऊन आला. "काका, अजून वजन कुठं कमी करता येईल?"

मी त्याची जन्मतारीख विचारली. ज्युनिअर गट त्या वर्षी 17 किंवा 18 पूर्ण होणाऱ्यांचा. त्याचं हे शेवटचं वर्ष होतं, आणि जिल्हा निवड कधी असते हे त्याला ठाऊक नव्हतं.