फवारणीपूर्वी मित्रकीटकांची पाहणी कशी करावी

2002 साली पश्चिम महाराष्ट्रातील उसावर लोकरी माव्याचा (पानांतला रस शोषणाऱ्या, पांढऱ्या लोकरीने झाकलेल्या किडीचा) मोठा उद्रेक झाला, तेव्हा सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्याला आवर घालण्यात डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी, म्हणजे किडींना खाणाऱ्या, मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. त्यामुळे पानामागे पांढरी लोकर दिसताच पंप पाठीवर घेऊ नये. ती लोकर काडीने बाजूला सारून आत डिफाची अळी आहे का, हे आधी पाहावे. ती पुरेशा संख्येने असेल तर फवारणी टाळावी आणि अळ्या-कोष असलेली काही पाने प्रादुर्भाव झालेल्या दुसऱ्या फडात नेऊन बांधावीत.

भाजीपाला आणि चवळीत ओळखण्याची चूक अधिक होते. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्ड) काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांची अळी प्रौढ किड्यासारखी मुळीच दिसत नाही, म्हणून तिलाच कीड समजून औषध मारले जाते. हे नुकसान मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते केवळ ओळखीअभावी होते. क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकीटकाची अंडी केसासारख्या बारीक देठांवर उभी असतात, तर मावा खाणारी सिरफिड माशीची बिनपायाची अळी माव्याच्या घोळक्यातच सापडते.

सायपरमेथ्रिन, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट यांसारखी व्यापक परिणामाची कीटकनाशके शत्रू आणि मित्र दोघांनाही मारतात. मात्र माव्याची मादी नराविना थेट पिल्ले देते आणि तिची पिढी साधारण आठ-दहा दिवसांत तयार होते, तर ढालकिड्याला तीन-चार आठवडे लागतात; म्हणूनच फवारणीनंतर मावा पूर्वीपेक्षा जोमाने उसळतो. वाचलेल्या परभक्षींची अंडी घालण्याची क्षमताही घटू शकते. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध रसातून माव्याच्या शरीरात आणि त्याला खाणाऱ्यापर्यंत पोहोचते, तेव्हा ते केवळ रसशोषक किडींनाच बाधते असे मानू नये.

फवारणी अटळच असेल तर किडींच्या अळ्यांसाठी बीटी (जिवाणूजन्य कीटकनाशक), रसशोषकांसाठी निंबोळी अर्क यांचा आधी विचार करावा. निंबोळीही परभक्षींच्या कोवळ्या अळ्यांना पूर्ण निर्धोक नाही, पण वरील औषधांपेक्षा बरीच सौम्य आहे. सर्व शेत न भिजवता प्रादुर्भावाचा पट्टाच फवारावा, दोन कीटकनाशके एकत्र मिसळू नयेत आणि लेबलवरील पीक व मात्रा पाळावी. उसात ट्रायकोकार्ड (किडींची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचे कार्ड) लावायचे असल्यास त्याच्या आगेमागे काही दिवस कीटकनाशक मारू नये. तीन-चार दिवसांनी पुन्हा पाने उलटून किडी आणि मित्रकीटक दोन्ही मोजावेत व त्यावरूनच पुढची फवारणी ठरवावी.