कुंदा, भाकरी, बासमती आणि वाईन: बेळगावच्या खवय्यांनी चवीची नोंद कशी करावी

‘कुंदा मस्त होता.’ ‘त्या खानावळीत आता पूर्वीची चव राहिली नाही.’ ‘बासमती आणला, पण वासच नाही.’ बेळगावात खाण्याच्या गप्पा रोज होतात आणि बहुतेक इथेच थांबतात. कुठला कुंदा (दुधाची तांबूस, रवाळ मिठाई), कधीचा, ताजा की फ्रिजमधला, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. मत असं हवं की ते ऐकून दुसऱ्यानं पिशवी उचलावी आणि नेमक्या दुकानी जाऊन नेमकी वस्तू मागावी. चार-सहा खाणारे एकत्र आले तर हे सहज जमतं.

कुठल्याही नोंदीत जागा, तारीख, वेळ, जिन्नस, वजन, भाव आणि कशाशी तुलना केली एवढं असावंच. यातली वेळ लोक हटकून विसरतात. दुपारी साडेबाराला तव्यावरून ताटात आलेली भाकरी आणि तीन वाजता डब्यातून काढलेली भाकरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

कुंदा: एका सकाळी, एका ताटात

तीन किंवा चार दुकानांतून प्रत्येकी २५० ग्रॅम कुंदा एकाच सकाळी आणावा. घेताना ‘आजचा की कालचा’ हे विचारावं आणि उत्तर लिहून ठेवावं. फ्रिजमधला असेल तर किमान तासभर बाहेर ठेवावा, कारण गार कुंद्यातलं तूप गोठतं, दाणा कडक लागतो आणि गोडी कमी वाटते. एकसारख्या पांढऱ्या बशा घ्याव्यात, बशीच्या तळाला आकडा चिकटवावा. ज्यानं कुंदा आणला त्यानं मत द्यायचं नाही, फक्त वाढायचं. प्रत्येकाला दोन चमचे पुरे. मध्ये कोमट पाणी आणि चिमूटभर चुरमुरे खावेत, म्हणजे जिभेवरचा तुपाचा थर निघतो. चारांपेक्षा जास्त नमुने एका बैठकीला ठेवू नयेत. पाचव्या नमुन्याला जीभ गोडानं बधिर झालेली असते आणि सगळ्यात गोड तोच ‘चांगला’ वाटायला लागतो.

आधी बघावं, मग वास घ्यावा, मग खावं. कुंदा म्हणजे दूध आटवताना त्यात दही घालून ते किंचित फाटू द्यायचं आणि साखरेसह तांबूस होईपर्यंत परतत राहायचं. त्यामुळे दाणा आणि रंग या दोन गोष्टींवरून बरंच कळतं. दाणा मऊ, रवाळ आणि जिभेवर विरघळणारा हवा. दाणा जवळजवळ नसेल आणि पेढ्यासारखं गुळगुळीत लागत असेल, तर आटवलेल्या दुधापेक्षा खव्याचा भाग जास्त असण्याचा संभव. दाणा रबरासारखा चिवट लागला, तर दूध जास्तच फाटलेलं. रंग साखर आणि दूध सावकाश तांबूस होण्यानं येतो. खूप गडद रंग आणि मागाहून कडसर चव आली तर साखर करपली. दूध कढईच्या तळाला लागलं असेल तर करपट वास घशाच्या मागे बराच वेळ रेंगाळतो. साखरेचा कडूपणा जिभेवर असतो, तळ लागल्याचा घशात. हा फरक ओळखता आला की कुंद्याबद्दलचं मत निम्मं सुधारतं.

बाजूला तूप सुटून साचलं असेल तर ते नेहमीच चांगलं लक्षण नव्हे. आच जास्त झाली तरी तूप वेगळं होतं आणि आतला दाणा कोरडा पडतो. चमच्यानं दाबून पाहावं. कडेला साखरेचे कण चमकत असतील तर कुंदा शिळा किंवा उघडा राहिलेला. टाळूला पिठूळ चिकटलं तर ‘पिठूळ लागलं’ एवढंच लिहावं, ‘भेसळ’ लिहू नये. भेसळ ठरवणं प्रयोगशाळेचं काम. जिभेवर काय आलं तेवढं सांगण्याचा आपला अधिकार.

वापरण्याजोगी नोंद अशी दिसते: ‘नमुना ३, त्याच सकाळचा, गडद तांबूस, दाणा मध्यम आणि मऊ, साखर नमुना १ पेक्षा कमी, शेवटी किंचित करपट, प्रवासाला नेण्याइतका कोरडा.’ शेवटचा शब्द फार कामाचा, कारण बेळगावचा कुंदा निम्मा पाहुण्यांच्या पिशवीतूनच बाहेर जातो.

मांडे (सारण भरून घडी घातलेली पातळ, मोठी पोळी) तपासताना एवढंच पाहावं: सारण कडेपर्यंत सारखं पसरलंय का, आणि घडी मोडताना कुरकुरतेय का. पावसाळ्यात मांडे तासाभरात चामट होतात. तेव्हा दोष दुकानाचा की डब्याचा, हे ठरवूनच बोलावं.

खानावळ: दोनदा जेवल्याशिवाय मत नाही

एका जेवणावरून खानावळ ठरवू नये. एकदा कामाच्या दिवशी, एकदा रविवारी, असं दोनदा जेवावं. दोन्ही वेळा साधं ताटच मागावं. खास पदार्थावरून हॉटेलची हौस कळते, रोजच्या ताटावरून स्वयंपाकघर कळतं.

सीमाभागात एकाच पदार्थाची मराठी आणि कानडी अशी दोन नावं असतात आणि तिथेच घोळ होतो. भाकरी म्हणजे रोट्टी, भरलं वांगं म्हणजे एण्णेगायी, अंबाडीची भाजी म्हणजे पुंडी पल्या, रताळं म्हणजे गेणसू. नोंदीत दोन्ही नावं लिहावीत. नाहीतर निपाणीचा मराठी माणूस बैलहोंगलच्या कानडी ताटात जे मागायचं तेच चुकवतो.

भाकरी हातात घेतल्यावर आधी कड पाहावी. कड जाड आणि मध्य पातळ असेल तर थापताना हात फिरलेला नाही. मधोमध फुगून दोन पदर सुटलेले हवेत. मोडताना भुगा पडत असेल किंवा चव कडसर लागली, तर बहुधा पीठ जुनं. ज्वारीचं पीठ दळून फार दिवस ठेवलं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरीला चिरा पडतात. शाळू (रब्बीची ज्वारी) की संकरित ज्वारी, हे मालकाला विचारावं. बहुतेक जण आनंदानं सांगतात. कडक भाकरी वेगळी मोजावी. ती टिकवायचीच असते, तिच्याकडून मऊपणा मागू नये.

शेंगदाण्याच्या चटणीवरून स्वयंपाकघराची शिस्त सगळ्यात लवकर कळते. उखळात कुटलेली चटणी चिमटीत दाबली की गोळा होतो आणि बोटाला तेल लागतं. मिक्सरमध्ये घाईनं फिरवली तर एकतर पीठ होतं किंवा गरम होऊन लगदा. खवट वास आला तर दाणे जुने, मग बाकीच्या कोरड्या चटण्याही सावधपणे घ्याव्यात. कारळ्याची चटणी किंचित कडसर असतेच, तो दोष लिहू नये.

मटणात दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात. मटण हाडापासून सुटतं पण धागा टिकतो, ते नीट शिजलेलं. धागाच नसेल, लगदा झाला असेल, तर पपई किंवा सोडा जास्त पडला असण्याची शक्यता. रश्श्याचा लाल रंग तिखटपणाची खूण नव्हे. ब्याडगी मिरची रंग भरपूर देते, तिखट कमी. म्हणून ‘लाल आणि झणझणीत’ असं एका दमात लिहू नये. रंग वेगळा, जाळ वेगळा, आणि जाळ जिभेच्या टोकाला की घशात, तेही लिहावं.

तांदूळ, मिरची, रताळी

आपण ज्याला बेळगाव बासमती म्हणतो तो येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारातला सुवासिक तांदूळ. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली बासमती हिमालयाच्या पायथ्याची, तिचा याच्याशी संबंध नाही. बाहेरगावच्या माणसाला सांगताना हे आधी सांगावं, नाहीतर तो लांब दाण्याची वाट बघतो आणि आपल्या चांगल्या तांदळाला नावं ठेवतो.

तांदूळ शिजवल्याशिवाय मत देऊ नये. दोन नमुने असतील तर प्रत्येकी १०० ग्रॅम तोलावा, दोनदा धुवावा, २० मिनिटं भिजवावा आणि एकसारख्या दोन पातेल्यांत झाकण ठेवून शिजवावा. कुकर नको, त्यात वास कोंडतो आणि दोन्ही सारखेच वाटतात. जुन्या तांदळाला मापानं दुप्पट पाणी, नव्याला पावणेदोनपट. भात कापणीनंतर डिसेंबर-जानेवारीत येणारा तांदूळ चिकट होतो. तो तांदळाचा गुणधर्म आहे, वाईट मालाचा पुरावा नाही. वास तीनदा घ्यावा: कोरडा, धुतल्यावर आणि झाकण काढताना. सुवासिक तांदळाचा खरा वास २-ॲसिटिल-१-पायरोलीन या द्रव्याचा असतो आणि शिजताना तो खुलतो. कोरड्या दाण्याला भरपूर वास, पण धुतल्यावर नाहीसा झाला, तर वास वरून लावल्याची शंका घ्यावी. शेवटी मूठभर दाणे काळ्या कापडावर पसरून आकार पाहावा. दोन प्रकारचे दाणे दिसले तर सरमिसळ आहे. किती दाण्यांत किती वेगळे, ते मोजूनच लिहावं.

मिरचीत ब्याडगीला २०११ मध्ये मानांकन मिळालं. तिच्यातली कड्डी लांब-बारीक, डब्बी आखूड-फुगीर. संकेश्वरी वेगळी, तिखटाला तीच. मिरची हातात मुरडल्यावर खुळखुळली आणि मोडली तर वाळलेली. मऊपणे वाकली तर ओल आहे: वजन वाढतं आणि पुढे बुरशी धरते. घरी दहा ग्रॅम दळून पाव चमचा पूड एक मोठा चमचा कोमट तेलात टाकावी, पाच मिनिटांनी रंग पाहावा. चव बघायची ती भातावर. नुसती जिभेवर ठेवली की पुढच्या नमुन्याला काहीच कळत नाही.

रताळ्यांचं मत नुकत्याच काढलेल्या मालावर देऊ नये. चार-सहा दिवस हवेशीर सावलीत राहिलं की गोडी वाढते. फ्रिजमध्ये ठेवलेलं रताळं शिजूनही आतून टणक राहतं. एखादं कडू लागलं तर सालीवर बारीक भोकं शोधावीत. सोंड्या भुंग्यानं पोखरलेलं रताळं शिजवलं तरी कडूच राहतं, ते टाकावं. बुट्टीभर मालात अशी किती निघाली, तो आकडा सांगावा.

वाईन

कर्नाटकानं २००७ मध्ये द्राक्ष प्रक्रिया आणि वाईनचं धोरण आणलं. कृष्णाकाठच्या अथणी भागात द्राक्षं आहेतच, पण बाजारात येणारी गोड, बिनबियांची द्राक्षं खाण्याची किंवा बेदाण्याची. वाईनची द्राक्षं वेगळी: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यो. त्यामुळे ‘आपल्याकडची द्राक्षं गोड, मग वाईन अशी आंबट का’ हा प्रश्नच गैरलागू.

एका बैठकीला तीन बाटल्या पुरेत. प्रत्येकाला एकेकीची ५० ते ६० मिली. आधी पांढरी, मग तांबडी, गोड असेल ती शेवटी. पांढरी ८ ते १० अंश सेल्सिअसला, तांबडी १६ ते १८ला. एप्रिलमध्ये बेळगावातलं घर याहून बरंच गरम असतं, म्हणून तांबडी बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. गरम तांबड्या वाईनमध्ये अल्कोहोलच नाकात जातो आणि ‘कडक आहे’ असं चुकीचं मत तयार होतं.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. बूच वर सरकलेलं, कडेनं ओघळ आणि चवीला शिजवलेल्या फळासारखं, तर बाटली उन्हात किंवा गरम गोदामात राहिलेली. हा दोष बनवणाऱ्याचा नसतो, म्हणून दुकान आणि खरेदीचा महिना लिहावा. लेबलवरचं वर्ष तोडणीचं असतं.

झणझणीत मटणाबरोबर घट्ट, तुरट तांबडी वाईन घेतली की तिखट आणखी जाळतं. त्यापेक्षा किंचित गोडसर आणि गार पांढरी बरी. कुंद्यानंतर कोरडी (गोडी नसलेली) वाईन आंबट लागते, तेव्हा ते मत धरू नये. भाव लिहिताना बाटली कर्नाटकात घेतली, महाराष्ट्रात की गोव्यात, हे लिहावंच. तिन्हीकडचा कर वेगळा, त्यामुळे तीच बाटली तीन भावांना मिळते. एका राज्यातून दुसऱ्यात बाटली नेताना अबकारी खात्याचे नियम आधी पाहावेत.

मत पोचवताना

आधी सगळ्यांनी आपापल्या कागदावर लिहावं, मगच बोलावं. मोठ्या आवाजाच्या माणसानं पहिलं मत दिलं की उरलेली चार मतं त्याचीच होतात. दोष सांगताना तो किती वेळा आढळला, ते सांगावं. फुकट मिळालेल्या ताटाचं मत देऊ नये, दिलंच तर तसं लिहावं. दुकानदाराला दोष आधी तोंडावर, शांतपणे सांगावा: ‘अण्णा, परवाच्या कुंद्याला करपट वास होता.’ पुष्कळदा त्याला ते माहीत असतं आणि पुढची कढई नीट निघते.

प्रत्येक नोंदीवर मुदत घालावी. रताळी, मिरची आणि नवा तांदूळ यांचं मत त्या हंगामापुरतं. कुंद्याचं साधारण सहा महिने. खानावळीचं तीन, आणि आचारी बदलल्याचं कळलं की त्याच दिवशी जुन्या नोंदीवर रेघ मारून, तारीख घालून, पुन्हा दोनदा जेवायला जावं.